कोऱ्या वह्यांची सहल

माझा भाऊ पाच वर्षांचा असताना बाबांचा चष्मा नाकावर चढवून दुकानातल्या उंच स्टुलावर बसायचा आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला दरडावून विचारायचा, "काय काम आहे?" तेव्हापासून मी त्याला साहेब म्हणते. पुढे तो खरोखरच साहेब झाला. त्याचं श्रेय मी चारचौघांत कधी घेतलं नाही, मनातल्या मनात मात्र भरपूर घेतलं.

दुकान म्हणजे आमचं बाइंडिंगचं दुकान. एक लांबट खोली, खिडकीपाशी कागद कापायचं यंत्र, मधे टेबल, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र आणि शेगडीवर खळीचं पातेलं. आई गेली तेव्हा मी चौथीत होते. बाबांना टाके घालायला आणखी दोन हात हवे होते आणि शाळेत एकालाच पाठवणं जमणार होतं. मी मोठी, म्हणून मी बसले. त्याबद्दल कुणाला बोल लावला नाही, पण उगाच मोठेपणा कशाला मिरवू, मला शाळा फार आवडायची. साहेबाची पुस्तकं मीच बांधून द्यायची आणि देण्याआधी वाचून काढायची. सातवीपर्यंतचा भूगोल त्याच्यापेक्षा मला बरा येत होता, आणि हे तोही कबूल करतो.

साहेब शिकला, नोकरीला लागला, नोकरीला कंटाळला आणि परदेशच्या सहली न्यायला लागला. तसल्या सहली गल्लोगल्ली निघतात. ह्याच्या सहलीत एक नवीन होतं. चार दिवस डोंगर-दऱ्या, बाजार, फोटो; पाचव्या दिवशी गावाबाहेरची एक गरीब शाळा. तिथं प्रत्येक प्रवाशाने आपल्या हाताने एका मुलाला वही द्यायची. तुमच्या सहलीतून एका मुलाचं वर्षभराचं शिक्षण, असं त्याच्या पत्रकावर छापलेलं असायचं आणि खाली वही छातीशी धरलेल्या मुलीचा फोटो. लोक हौसेने यायचे. फिरणंही होतं आणि पुण्यही लागतं, कोणाला नको असतं?

त्या वह्या मी शिवायचे. बाबा गेल्यावर मी नुसती बसून असायचे. हिशेबाची जाडजूड रजिस्टरं हल्ली कुणी बांधून घेत नाही, आणि घरात बोलायलाही कोणी उरलं नव्हतं. एक दिवस साहेब आला, त्याच जुन्या स्टुलावर टेकला आणि म्हणाला, "ताई, तिकडच्या पोरांना वह्या लागतात. बाजारातल्या फडतूस नकोत. तुझ्या हातच्या हव्यात." त्याचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हटलं. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. मजुरीचा विषय त्याने एकदाच काढला, तेव्हा मी त्याला असा झापला की पुन्हा काढला नाही.

पहिल्याच खेपेला मी माती खाल्ली. चाळीस वह्या होत्या. एकेका वहीत आठ-आठ पानांच्या सहा घड्या, त्या एकावर एक ठेवून टाके घालायचे. वर्षभरात हाताची सवय सुटलेली, डोळ्यांत सारखं पाणी. शेवटच्या घड्यांचा गठ्ठा मी उलटा उचलला, आणि चाळीसच्या चाळीस वह्यांत शेवटची आठ पानं डोक्यावर उभी राहिली. वरची मोकळी जागा खाली, लाल रेघ भलत्याच बाजूला. कळलं तेव्हा खळ वाळून पुठ्ठे चढले होते. बाबा असते तर त्यांनी सगळ्या वह्या उसवायला लावल्या असत्या. साहेब म्हणाला, "जाऊ दे गं, पोरं काय बघतात?" वह्या गेल्या. मी मात्र पुढचे कित्येक दिवस त्या पोरांची मनातल्या मनात माफी मागत होते. लिहीत लिहीत शेवटपर्यंत पोचलं की बिचारी गोंधळतील, वही उलटी धरतील, मास्तरांचा ओरडा खातील, असं काहीबाही डोळ्यांपुढे यायचं.

त्यानंतर एक वही चुकू दिली नाही. वर्षाला चार सहली, दर सहलीला चाळीस वह्या. राखाडी पुठ्ठा, निळ्या कापडाची पाठ. साहेबाने एकच हट्ट धरला होता, वर पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर हवं. मला ते आवडायचं नाही. पुठ्ठ्याचा स्पर्श हाताला लागला पाहिजे. पण तो म्हणाला तिकडे धूळ फार, म्हणून मी गप्प बसले.

तीन वर्षांनी तो म्हणाला, "ताई, ह्या वेळी तूही चल. लोक विचारतात, ह्या वह्या करतं कोण म्हणून."

मी आयुष्यात बसस्टँडच्या पलीकडे फारशी गेले नव्हते. पासपोर्टाचा फोटो काढताना हसू नका म्हणून तिथला माणूस तीनदा ओरडला, तरी मी हसलेच. नवे बूट घेतले, ते घरात घालून फिरले. आणि त्या चाळीस वह्यांवर मी जीव ओतला. प्रत्येकीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कप्पा केला, कापडाचा, चिठ्ठी-चपाटी ठेवण्यापुरता. आपल्या हाताने द्यायची आहे, तर काहीतरी विशेष हवं. खोकं मीच भरलं, मीच बांधलं. ते सामानाबरोबर पुढे जातं, असं साहेब म्हणाला.

चार दिवस मजेत गेले, खोटं का बोलू. आम्ही बत्तीस जण होतो. एक निवृत्त इंजिनिअर, जे प्रत्येक पुलाखाली वाकून बघायचे. त्यांच्या सौभाग्यवती, ज्या त्यांना प्रत्येक पुलाखालून ओढून आणायच्या. एक दातांची डॉक्टरीण, गळ्यात हा मोठा कॅमेरा. साहेब सगळ्यांशी माझी ओळख करून द्यायचा, "ही माझी ताई. हिच्यामुळे मी शिकलो." मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी बसून राहायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नशीबवान आहात, असा भाऊ मिळाला." मी म्हटलं, "तो तर आहेच."

पाचव्या दिवशी सकाळी गाडी शाळेपाशी थांबली. दोन खोल्या, पुढे मातीचं अंगण, एका कडेला पाण्याची टाकी. मुलं उंचीप्रमाणे ओळीत उभी होती. त्यांच्या बाई दाराशी, हातात हात गुंफून. तिथला एक वाटाड्या, जो दर वेळी साहेबाचं तिकडचं सगळं बघतो, तो खोकं घेऊन तयार होता. त्याने प्रवाशांना वह्या वाटल्या आणि प्रवाशांनी मुलांना. टाळ्या, फोटो, पुन्हा टाळ्या. माझ्या वाट्याला एक सात-आठ वर्षांची मुलगी आली. अंगात मोठ्या माणसाचा स्वेटर, बाह्या चार वेळा दुमडलेल्या. तिने वही दोन्ही हातांनी घेतली आणि फक्त कडांना धरली, काचेचं सामान धरावं तशी.

मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. मी खुणेनेच म्हटलं, थांब, तुला गंमत दाखवते. आणि कप्पा दाखवायला वही मागून उघडली.

कप्पा नव्हता. शेवटची आठ पानं डोक्यावर उभी होती.

क्षणभर मला वाटलं, चूक पुन्हा झाली माझ्या हातून. वयाचा दोष, दुसरं काय. मग अंगठ्याने वही मधोमध दाबली. वापरलेली वही चटकन उताणी पडते. ही कुरकुरली, जशी माझ्या टेबलावरून उतरताना कुरकुरली असेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी. फक्त कागदाच्या कडा पिवळट झाल्या होत्या आणि वर प्लॅस्टिक मात्र नवंकोरं, लखलखीत. मी शेजारच्या मुलाची वही घेतली. त्याच्या पलीकडच्या मुलीची घेतली. सहा-सात वह्या मागून उघडून पाहिल्या. सगळ्यांची शेवटची घडी उलटी. तीन वर्षं मी ज्यांची माफी मागत होते, ती पोरं त्या पानापर्यंत कधी पोचलीच नव्हती. पहिल्या पानापर्यंतही नाही.

"साहेब, जरा इकडे ये."

तो हसत हसत आला. माझा चेहरा बघून त्याने माझं कोपर धरलं आणि मला टाकीमागे नेलं.

"ह्या पहिल्या खेपेच्या वह्या आहेत," मी म्हटलं.

"एखादी राहिली असेल गं."

"मला शिकवतोस? माझा टाका मला ओळखू येत नाही? मी भरलेलं खोकं कुठंय?"

"हळू बोल, लोक आहेत." त्याने मागे वळून बघितलं. "विमानात वजन जास्त होत होतं, ताई. आणि इथं वह्या आहेतच की. गाडी गेली की हा वाटाड्या गोळा करून ठेवतो, पुढच्या गाडीला पुन्हा काढतो. पोरांना काय, हातात वही आल्याचा आनंद तेवढाच. चौथीपर्यंत पाटीवर भागतं त्यांचं."

"आणि मी शिवलेल्या?"

"दुकानात जातात. मोठं दुकान आहे, भेटवस्तूंचं. लोक मागून नेतात तुझ्या वह्या. तुला तर अभिमान वाटायला हवा."

"लोकांना वर्षभराचं शिक्षण सांगतोस तू."

"मग? हे छप्पर कोणी घातलं? दोनदा पत्रे बदलून दिलेत मी. गाडी येते म्हणून शाळा उभी आहे. आली नाही तर हेही नाही." मग त्याचा आवाज मऊ झाला. तो आवाज मला माहीत आहे, लहानपणी काही मोडलं की तो असाच बोलायचा. "आणि खरं सांगू का? बाबा गेल्यावर तू भिंतीकडे बघत बसायचीस. तुझ्या हाताला काहीतरी काम हवं होतं. तुझ्यासाठीच सुरू केलं मी हे सगळं."

चोराला चोर म्हणता येतं. पण चोरून वर उपकाराची भाषा करणाऱ्याला काय म्हणायचं, ते मला आजवर सापडलेलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. केसाने गळा कापणं म्हणतात ते ऐकलं होतं. कापताना दुखत नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं. मला नंतर दुखलं. त्या वेळी फक्त एवढंच कळत होतं, की दुपारच्या दुपार मी त्या टेबलाशी बसून ज्या मुलांशी बोलत होते, ती मुलं नव्हतीच तिथं. एक दुकान होतं. आणि मला गप्प बसवायला हातात सुई दिली होती, रडणाऱ्या पोराला खुळखुळा देतात तशी.

तेवढ्यात अंगणातून हाक आली, "ताई, तुमच्याबरोबर फोटो!" सगळे प्रवासी जमले होते. साहेब पुढे झाला आणि म्हणाला, "ताई, दोन शब्द बोल." त्याला वाटलं असेल, ही काय बोलणार. आयुष्यभर कधी बोलली आहे?

मी म्हटलं, "फोटो काढू, पण नुसता उभं राहून नको. प्रत्येकाने आपापल्या मुलाशेजारी बसा. तुमच्या खिशातलं पेन द्या. मुलं पहिलं पान लिहितील, मग त्याचा फोटो."

लोकांना कल्पना फारच आवडली. इंजिनिअर खाली बसले, गुडघे कडकडा वाजले. साहेबाचा चेहरा पडला, पण बत्तीस लोकांपुढे नको कसं म्हणणार? मुलं लिहीनात. ती सगळी बाईंकडे बघत होती. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबाकडे, मग त्या वळून आत निघून गेल्या. माझ्या मुलीच्या हातात मी माझं पेन दिलं. कव्हर बाजूला केलं, पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं. तिने वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं काढली आणि थांबली. मी बोट खाली खाली नेलं. भर, भर सगळं पान. मग तिला धीर आला. जीभ दातांत धरून तिने अर्धं पान भरलं. तिच्याकडे बघून इतर मुलंही भराभर लिहू लागली. एकही वही कोरी राहू नये, असं मला झालं होतं. आता काढा म्हणावं ह्या पुढच्या गाडीला.

गाडी सुटली तेव्हा मी खिडकीशी बसले. जिंकल्यासारखं वाटत होतं, तेही सांगून टाकते. ते जेमतेम पहिल्या वळणापर्यंत टिकलं.

साहेबाने माइक हातात घेतला. "मंडळी, आजची कल्पना माझ्या ताईची! पुढच्या सहलीपासून हे कायमचं. आपला प्रवासी आणि एका मुलाचं पहिलं पान!" टाळ्या पडल्या. मग तो माझ्या शेजारी येऊन बसला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी फक्त पेन्सिल देऊ. खोडता येते."

मी उठले आणि त्याच्या हातातला माइक घेतला. माइकवर मी पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळे फार मोठ्याने बोलले. सगळं सांगितलं. तीन वर्षं त्याच चाळीस वह्या फिरताहेत, मुलांकडून परत काढून घेतल्या जातात, नव्या वह्या दुकानात विकल्या जातात. "हा माझा सख्खा भाऊ आहे," मी म्हटलं, "आणि ह्याने तुम्हालाही फसवलं आणि मलाही."

मग डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा पोटाशी घेत विचारलं, "म्हणजे आमचे फोटो...?"

"फोटो खरे आहेत," साहेब म्हणाला. "मुलं खरी आहेत, शाळा खरी आहे. ताई दमल्यात. प्रवासाची सवय नाही त्यांना."

"दगदग होतेच हो ह्या वयात," इंजिनिअरांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, आणि मला पाण्याची बाटली देऊ केली. इंजिनिअर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर पूलबिल काही नव्हतं. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "सुट्टीत कशाला हे." त्यांना माझं खरं वाटलं होतं. त्यांच्या तोंडांवर ते दिसत होतं, आणि त्यांना ते नको होतं.

मी पुढे जाऊन गाडीचा पत्रा हाताने बडवला. ड्रायव्हरला वाटलं मला उलटी होते आहे, त्याने लगेच थांबवली. मी उतरले आणि उलट्या दिशेने चालू लागले.

"ताई! विमान आजचंच आहे!" साहेब दारातून ओरडला. खाली मात्र उतरला नाही.

नवे बूट चावत होते. रस्ता कच्चा, गाडी रांगतच आली होती; दहा-बारा मिनिटं लागली असतील. मला एवढंच करायचं होतं, वह्या त्या वाटाड्याच्या हातात पडायच्या आत मुलांना घरी पाठवायचं. घेऊन जा म्हणायचं, पळा म्हणायचं, कोणत्या भाषेत ते तिथं गेल्यावर बघू.

पण अंगणात मुलं पुन्हा ओळीत उभी होती. वाटाड्या खोक्यापाशी बसून एकेक वही घेत होता, ओल्या फडक्याने प्लॅस्टिक पुसत होता. लिहिलेलं पान उघडलं की तो मुलाकडे बघून काहीतरी खेकसायचा. ते पोर मान खाली घालून बाजूला व्हायचं. बाई दारात उभ्या होत्या. 

स्वेटरवाली ओळीत शेवटची होती. तिने मला ओळखलं. ओळ सोडून ती धावत माझ्याकडे आली. मी खाली बसले आणि दोन्ही हात पसरले.

ती दोन पावलांवर थांबली. तिने वही दोन्ही हातांनी पुढे केली, कडांना धरून, तिला शिकवल्याप्रमाणे. मी ती घेत नाही बघून तिने स्वतःच पहिलं पान उघडून दाखवलं. थुंकी लावून लावून तिने ते सगळं पुसायचा प्रयत्न केला होता. अर्धं पान निळं झालं होतं आणि वरच्या कोपऱ्यात, जिथं तिने आधी लिहिलं होतं, तिथं घासून घासून भोक पडलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, एवढं चालेल का म्हणून.